एकोणीस दिवसांचा अर्ल

धुकं असं गोठून बसलं होतं की फलाटावर उतरलं तरी स्टेशनच्या पाटीवरचं नाव वाचता येत नव्हतं. सकाळचे आठ वाजत आले होते. बर्मिंगहॅमहून आलेल्या दोन डब्यांच्या गाडीतून ऑल्डरविक हॉल्टला मधुमती हरकरे एकटीच उतरली. फेब्रुवारीत इथे दुसरं कोण उतरणार? खरं म्हणजे गाडीनं थांबावं असं इथे काहीच नाही, ना गाव, ना दुकान. पण दीडशे वर्षांमागे सहाव्या अर्लनं, म्हणजे इथल्या पिढीजात सरदारानं, आपल्या जमिनीतून रूळ टाकू देताना कंपनीकडून लिहून घेतलं होतं, की माझ्या घरापाशी गाडी थांबली पाहिजे. तो अर्ल गेला, ती कंपनी गेली, गाडी अजून थांबते. बाबा रे, तेवढं एक बरं केलंस, असं मधुमती त्याला रोज मनातल्या मनात म्हणायची. आज म्हटलं नाही. आज तिचं डोकं सगळ्या अर्लांवर एकदमच फिरलेलं होतं.

मैलभर चालत ती फाटकाशी आली. फाटकाच्या बाजूच्या लहान घरात दिवा होता. तिथे अकरावा अर्ल राहायचा, ब्याऐंशी वर्षांचा, एकटा, एका आंधळ्या कुत्र्याबरोबर. मोठं घर त्याच्या बापानं, म्हणजे दहाव्यानं, करापायी कंबर मोडल्यावर एका ट्रस्टला देऊन टाकलं होतं. त्याच ट्रस्टच्या नोकरीत मधुमतीला चौदा वर्षं झाली होती. कागदावर तिच्या हुद्द्यात ‘हाउसकीपिंग’ असा शब्द होता. तिला विचारलंत तर म्हणेल, धूळ काढते.

आणि धूळ काढणं हे काही ऐरागैऱ्याचं काम नव्हे. पहिल्या महिन्यात तिनं आपल्या सवयीनं एका चौकटीवर ओलं फडकं मारलं होतं, तर तीनशे वर्षांचा सोनेरी वर्ख फडक्याला चिकटून आला. तेव्हापासून ती शिकली. एका हातात घोड्याच्या केसांचा मऊ ब्रश, दुसऱ्या हातात हूवरची, म्हणजे धूळ ओढायच्या यंत्राची, नळी, नळीच्या तोंडाला मच्छरदाणीसारखं जाळीचं कापड बांधलेलं. ब्रशनं धूळ नळीकडे नुसती सारायची. एखादा कपचा निघालाच तर जाळीवर अडकतो आणि पाकिटात भरून, तारीख घालून ठेवता येतो. हिवाळाभर घर लोकांना बंद असतं आणि मार्चात उघडायच्या आत छतापासून पायपुसण्यापर्यंत सगळं असं ब्रशनं उचलावं लागतं. या घरातल्या माणसांना मधुमती ओळखायची ती यामुळे. पुस्तकं वाचून ओळखणारे वेगळे. हिनं त्यांच्या नाकाखालची धूळ काढली होती.

मोठ्या जिन्यावर सगळे अर्ल ओळीनं टांगलेले. पहिला रॉबर्ट, ज्यानं अडचणीतल्या राजाला साठ घोडे दिले आणि घोडे कशाला लागले होते ते मरेपर्यंत कुणाला सांगितलं नाही, म्हणून १६७२ मध्ये किताब मिळाला. त्याचा मुलगा पत्त्यांत दोन गावं हरला. तिसऱ्यानं लिंडनची सावलीची झाडं लावली, तीच आज वाटेच्या दोन्ही बाजूंना. चौथा एक्केचाळीस वर्षं अर्ल होता आणि त्यातली बहुतेक खुर्चीत, पायाचा अंगठा सुजवून. चौथ्याच्या नंतर पाचवा चार्ल्स, देवभोळा, ओठ असे मिटलेले की चित्रकारानं नुसती रेघ ओढून काम भागवलंय. मग स्टेशनवाला सहावा. सातव्याच्या नावाचा गुलाब आहे आणि गिफ्टशॉपमध्ये त्या गुलाबाचं चित्र असलेले चहाचे मग आणि भांडी पुसायचे टॉवेल मिळतात. आठवा आणि नववा सख्खे भाऊ, मोठा युद्धात गेला म्हणून धाकट्याकडे आलं. ही सगळी वंशावळ मधुमती झोपेतही म्हणून दाखवेल, कारण असल्या याद्या पाठ करणं हे तिच्या रक्तातलंच.

ती त्र्यंबकेश्वरची, उपाध्यांची मुलगी. वडील यात्रेकरूंच्या नामावळी लिहीत. लाल बासनात बांधलेल्या लांबोड्या वह्या. कुठूनही कुणी आलं, गाव आणि आडनाव सांगितलं, की वडील वही उलगडून त्याच्या खापरपणज्यापर्यंत जाऊन पोचत. लहान मधू शाई घोटून द्यायची आणि नावं ऐकायची. वडिलांचा एक नियम होता, नाव गाळायचं नाही. अंगणात पडून मेलेलं सहा महिन्यांचं पोरही, मुलगा असेल तर, लिहायचं. ज्याचं नाव वहीतून सुटलं त्याला पाणी द्यायला पुढे कुणाच्या लक्षात राहणार, असं ते म्हणत. मुलींची नावं मात्र त्या वह्यांत नव्हती. तिचं स्वतःचंही नव्हतं. त्याचा राग तिला आला तोही इथे आल्यावर, पन्नाशीनंतर, जेव्हा तिनं अकराव्याला तीन मुली असून किताब ऑस्ट्रेलियात पर्थमधल्या कुणा चुलत चुलत पुतण्याकडे जाणार हे ऐकलं. तो तिथे पोहण्याचे तलाव साफ करतो. एकदा घर बघायला आला होता, तर त्यानं आधी टॉयलेट कुठे ते विचारलं.

आता आजचं दुखणं.

चौथ्या अर्लचा थोरला मुलगा होता जॉर्ज. सैन्यात कॅप्टन होता, पोर्तुगालात तापानं मेला. खालच्या चर्चमधल्या दगडावर त्याच्या मृत्यूची तारीख दोन फेब्रुवारी १८११ अशी आहे. बाप मेला तीन फेब्रुवारीला. म्हणजे मुलगा बापाच्या एक दिवस आधी गेला, म्हणून किताब धाकट्या चार्ल्सकडे आला आणि तो पाचवा झाला. जिन्यावर जॉर्जचं चित्र नाही. त्याची आठवण म्हणून घरात होती ती फक्त युद्धावरून परत आलेली एक चामड्याची पेटी, माळ्यावर.

दहा वर्षांमागे मधुमतीनं ती पेटी साफ केली होती. झाकणाच्या आतलं अस्तर सुटलं होतं. ब्रशनं धूळ सारता सारता अस्तराच्या मागचा कागद वर आला. जॉर्जच्या हाताखालच्या शिपायानं केलेली धोब्याकडच्या कपड्यांची नोंद होती ती, वेड्यावाकड्या अक्षरात. जानेवारी सव्वीस, सदरे सहा. फेब्रुवारी पाच, सदरे सहा, मोजे चार. फेब्रुवारी चौदा, रात्रीचे सदरे तीन. एकवीस, रात्रीचे सदरे पाच, चादरी चार, ताप. आणि खाली एकच ओळ: बावीस, कॅप्टनसाहेब पहाटे गेले.

मधुमतीला तेव्हाच कळलं होतं. मेलेला माणूस सदरे धुवायला देत नाही. सैन्यातल्या कुणा कारकुनानं बावीसचा एक दोन खाल्ला आणि तोच दगडावर चढला. जॉर्ज बापाच्या नंतर एकोणीस दिवस जगला. पण तिनं तेव्हा ते कुणाला सांगितलं नाही. का सांगितलं नाही, तर तिच्या हिशेबानं त्यात सांगण्यासारखं काही नव्हतं. लांबच्या माणसाला सुतक लागतं ते ऐकलं तिथून, हे तिच्या घरचं गणित. ती लहानपणापासून ऐकत आलेली: बातमी कधी पोचली? मग तिथून धर. तापात पडलेल्या जॉर्जला बाप गेल्याची बातमी कधी पोचलीच नव्हती. ज्याला बाप गेल्याचं कळलंच नाही तो बापाच्या जागी कसा बसेल? तिनं कागद होता तिथे सरळ केला, अस्तर चापून बसवलं, आणि पेटी टिशूत गुंडाळून माळ्यावर ठेवली.

गेल्या गुरुवारी हिलरीनं सगळ्या स्टाफला तासभर भाषण दिलं. हिलरी इथली क्युरेटर, चाळिशीच्या आतली, हुशार, बोलायला गोड. जिन्याखालची अर्लांच्या नावांची लाकडी पाटी नव्यानं सोन्यात रंगवायची होती, त्याबद्दलचं भाषण. बोलता बोलता ती म्हणाली, किताब एक क्षणही रिकामा राहत नाही. बापाचा श्वास थांबला की मुलगा अर्ल. तो झोपलेला असो, समुद्रावर असो, त्याला काही पत्ता नसो, तो अर्लच.

मधुमतीनं हातातला चहा खाली ठेवला. म्हणजे जॉर्ज अर्ल होता.

घरी आल्यावर तिनं अजयला, नवऱ्याला, सगळं सांगितलं. अजय मूळचा नागपूरचा, छत्तीस वर्षं बर्मिंगहॅममध्ये बस चालवून निवृत्त झालेला, आणि जगातल्या कुठल्याही गोष्टीपायी उठून उभं राहायची त्याची तयारी नसायची. “कायले जीव जाळून राहिली तू?” तो म्हणाला. “दोनशे वर्षं झाली त्याला. त्यानं काही तक्रार केली का?” तरी रात्री त्यानंच मुलीला, स्वरालीला, फोन लावून दिला. स्वराली इथेच जन्मलेली. तिनं आईचं ऐकून नीट इंग्रजीत ईमेल लिहून दिलं. शुक्रवारी दुपारी हिलरीचं उत्तर आलं: हाउ एक्सायटिंग, घर उघडून झालं की आपण नक्की बसू या.

घर उघडून झालं की! पाटी रंगवणारा क्लाइव्ह सोमवारी यायचा होता, आणि सोमवार-मंगळवार मधुमतीच्या सुट्टीचे.

तर आज बुधवार, फेब्रुवारीची बारा. मधुमती आत आली, बूट बदलले, ॲप्रन बांधला, आणि जिन्याखाली गेली. क्लाइव्ह आधीच कामाला लागला होता. जाडजूड माणूस, पण हात असा हलका की वर्ख उचलताना श्वास रोखून धरायचा. वरची तीन नावं झळकत होती. चौथ्याची फक्त तारीख राहिली होती. पाचव्याच्या ओळीवर खडूनं आखून ठेवलं होतं: पाचवा, चार्ल्स.

पाचव्याला कधी हात लावणार, असं तिनं विचारलं. जेवणाच्या आधी, तो म्हणाला. एकदा वर्ख बसला की मग काढायचा म्हणजे खालचा रंगही खरवडायचा, आणि त्याला शुक्रवारी एका पबची पाटी होती.

मधुमती माळ्यावर गेली. पेटी तिनं स्वतः उचलून, तीन जिने उतरून, हिलरीच्या टेबलावर आणून ठेवली. नियमानं दोन माणसांनी, हातमोजे घालून उचलायची ती पेटी. हातमोजे तेवढे होते.

हिलरीनं खुर्ची मागे सरकवली. पण कागद पाहिल्यावर ती खरंच वाकली, भिंग आणलं, पुन्हा पुन्हा वाचलं. चर्चमधल्या दगडाचा फोटो संगणकावर उघडला. मग हळूच म्हणाली, तू बरोबर आहेस. अगदी बरोबर. मधुमतीच्या छातीवरचा दगड अर्धा उतरला.

“हे तुला मिळालं कधी?” हिलरीनं विचारलं.

मागच्या आठवड्यात, असं म्हणता आलं असतं. कुणाला कळणार होतं? पण नामावळ लिहिणाऱ्याच्या मुलीला तारीख खोटी सांगता येईना.

“दहा वर्षांमागे,” मधुमती म्हणाली.

 हिलरीनं एकेक बोट दुमडायला सुरुवात केली, चिडून नाही, आणि तेच जास्त लागलं. आठ वर्षांमागे पुस्तक नवं छापलं, तेव्हा सगळे आकडे नव्यानं बसवले होते. तेव्हा हा कागद असता तर एका दुपारचं काम होतं. आता पुस्तक आहे, वेबसाइट आहे, हेडफोनमधलं बोलणं आहे, भिंतीवरच्या पट्ट्या आहेत. सातव्या अर्लचा गुलाब आठव्याचा होणार, आणि मगांचे खोके मागच्या खोलीत छतापर्यंत रचलेले आहेत. जॉर्ज पाचवा झाला की खालचे सगळे एकेक पायरी सरकतात. आणि हे काही आपण ठरवायचं नसतं. तज्ज्ञ बघतील, घराणं बघेल.

“तुझं म्हणणं शंभर टक्के माझ्यापर्यंत पोचलंय, मधू,” ती म्हणाली. “मी ते फाइलला लावते.”

हे वाक्य मधुमतीनं या देशात इतक्यांदा ऐकलं होतं! कौन्सिलला घराच्या भिंतींना येणाऱ्या ओलीची तक्रार केली तेव्हा, डॉक्टरकडे गुडघा दाखवला तेव्हा, मुलीच्या शाळेत नाव चुकीचं उच्चारतात म्हणून गेली तेव्हा. कुणी नाही म्हणत नाही. नाही म्हटलं असतं तर भांडता आलं असतं. इथे सगळे तुमचं बरोबर आहे म्हणतात, आभार मानतात, दार उघडून धरतात, आणि तुम्ही बाहेर येऊन बघता तर सगळं जिथल्या तिथे.

क्लाइव्हला थांबवता येईल का, तिनं विचारलं. हिलरी म्हणाली, हिज लॉर्डशिपनं, म्हणजे म्हाताऱ्या अर्लनं, स्वतः सांगितलं तरच.

म्हणजे आता तूच जा गं त्याच्याकडे, मधुमती स्वतःलाच म्हणाली, आणि कोट न घालताच बाहेर पडली.

फाटकाजवळच्या घराचं दार नेहमीप्रमाणे लोटलेलं होतं. आत कडवट संत्र्यांचा वास भरला होता. अकरावा अर्ल स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून मार्मलेडसाठी संत्र्यांची सालं चिरत होता, कोपराशी भोकं पडलेला स्वेटर, चष्मा कपाळावर. दर वर्षी फेब्रुवारीत तो हेच करायचा आणि स्टाफला एकेक बरणी द्यायचा. फार पातळ व्हायचं ते. मधुमती घरी नेऊन त्यात थोडी साखर घालून पुन्हा आटवायची.

“बसा, मिसेस हरकरे,” तो म्हणाला. “कुत्र्याला तुडवू नका, त्याला तुम्ही दिसत नाही.”

तिनं उभ्याउभ्याच सांगितलं. पेटी, धोब्याची नोंद, बावीस तारीख. त्यानं सुरी खाली ठेवली नाही, पण चिरणं थांबवलं. एकोणीस दिवस, एवढंच तो पुटपुटला. मग त्यानं विचारलं, “त्याला कळलं होतं का?”

“नाही.”

“मग सुटला बिचारा. मला सत्तावन्न वर्षं कळतंय.” आणि तो हसला, खोकला आला, पुन्हा सालं चिरायला लागला. “राहू द्या त्याला कॅप्टन. सुखात होता.”

एरवी मधुमतीही हसली असती. म्हाताऱ्याचे विनोद असेच असायचे आणि ते तिला आवडायचे. पण आज ती बोलून गेली. पस्तीस वर्षं या देशात राहून ती कुठल्या साहेबाशी असं बोलली नव्हती.

“माझे वडील त्र्याण्णव साली गेले,” ती म्हणाली. “भावानं फोन केला नाही, खर्च होईल आणि मी यायला निघेन म्हणून. पत्र टाकलं. ते सोळा दिवसांनी पोचलं. त्या सोळा दिवसांत मी ब्लॅकपूलला गेले होते. समुद्रावर आइस्क्रीम खातानाचा माझा फोटो आहे, त्याच्या कोपऱ्यात तारीख आहे. मी तोंड भरून हसतेय, आणि वडील जाऊन पाच दिवस झालेत. भावानं पत्रात लिहिलं होतं, तुला कळलं त्या दिवसापासून तीन दिवस पाळ, म्हणजे झालं. म्हणजे त्याच्या मते ते सोळा दिवस माझे झालेच नाहीत. मला कळलं नव्हतं म्हणून काय माझे वडील जिवंत होते?”

अर्लनं चष्मा डोळ्यांवर घेतला.

“तेच मी त्या पोराला केलं,” मधुमती म्हणाली. “त्याला कळलं नाही, तर झालं नाही, असं धरून मी कागद मिटून ठेवला. दहा वर्षं. आता तिकडे जिन्याखाली क्लाइव्ह त्याच्यावरून सोनं फिरवतोय.”

 शेगडीवरचं पातेलं बुडबुडत होतं. तिनं न राहवून गॅस बारीक केला.

म्हातारा उठला, खिडकीशी गेला. धुकं थोडं विरळ झालं होतं आणि चर्चचा मनोरा अर्धा दिसत होता. तिथे माझा दगड तयार आहे, तो म्हणाला. बायकोच्या शेजारी. तिच्या दगडावर तिच्या नावाखाली लिहिलंय, अकराव्या अर्लची पत्नी. तिला जाऊन बारा वर्षं झाली. तो आकडा त्यानं आणि तिनं मिळून सांगून ठेवला होता, ती आजारी असताना, अक्षरं कशी हवीत यावरून भांडून. तो सांगत होता ते खिडकीलाच सांगत होता.

“तुमचं बरोबर आहे,” तो म्हणाला. “मी बारावाच आहे. पण तिचा दगड मी खरवडू देणार नाही.”

 भांडावं अशी माणसं कधी समोर येतच नाहीत, येतात ती अशी.

मग त्यानं एका जुन्या पाकिटाच्या पाठीवर संत्र्याच्या हातानंच दोन ओळी लिहिल्या आणि तिला दिल्या. पाटीवर चौथ्याच्या खाली जॉर्जचं नाव, साल आणि त्याचे दिवस घालावेत. आकडा घालू नये.

“आकडा नाही?” मधुमती म्हणाली.

“नाव मी देऊ शकतो,” तो म्हणाला. “तेवढंच.”

परत येताना ती जवळजवळ पळतच आली, आणि पळताना तिला स्वतःचाच राग येत होता. नाव घालायचं आणि आकडा नाही! म्हणजे पंगतीला बोलवायचं आणि पान मांडायचं नाही. वडिलांनी असलं काही लिहिलं असतं का वहीत? आणि लगेच आठवलं, आपलं तर नावही नाही लिहिलं त्यांनी. त्या विचारानं राग कमी व्हायच्या ऐवजी दुप्पट झाला, फक्त कुणावर ते कळेना.

क्लाइव्ह डबा उघडून सँडविच खात बसला होता. पाचव्याचा ‘पा’ झाला होता. तिनं पाकीट पुढे केलं. त्यानं वाचलं, पाटीकडे बघितलं, खडूच्या रेघा मोजल्या, आणि कपाळावर हात मारला. जागाच नाही, तो म्हणाला. दोन ओळींच्या मध्ये बोटभर फट आहे. असलं काही सोमवारी सांगायचं असतं.

सोमवारी नाही, दहा वर्षांमागे सांगायचं होतं, मधुमती मराठीत म्हणाली.

हिलरी खाली आली. पाकीट वाचून तिचा चेहरा खुलला. सगळ्यांचंच भलं झालं, असं ती म्हणाली. एकही आकडा हलत नाही, पुस्तक तसंच, चहाचे मग तसेच, आणि वर लोकांना सांगायला एक छान गोष्ट मिळाली. मधुमतीनं मान हलवली. गोष्ट! चौदा फेब्रुवारीला रात्रीचे सदरे तीन, एकवीसला पाच. घामानं भिजून रात्रीमागून रात्री सदरे बदलत होता तो, आणि आज तारीख बारा. दोनशे वर्षांमागे आजच्या दिवशी तो नऊ दिवसांचा अर्ल होता आणि बापाला पत्र लिहायचं राहिलंय असं म्हणत असेल.

क्लाइव्हनं सगळ्यांत बारीक कुंचला काढला. दुपारी अडीचपर्यंत तो पाटीला नाक लावून त्या फटीत अक्षरं बसवत होता. बाकीची नावं वितभर उंच, हे लोणच्याच्या बरणीवरच्या चिठ्ठीएवढं. जॉर्ज, १८११, एकोणीस दिवस. डाव्या बाजूला जिथे सगळ्यांचे आकडे होते तिथे नुसतं हिरवं लाकूड. खाली लगेच, मोठ्या अक्षरात, पाचवा.

अजयचा फोन आला, गुडघा कसा आहे आणि येताना मेथी मिळेल का विचारायला. तिनं सांगितलं काय झालं ते. “मग झालं ना नाव?” तो म्हणाला. “आता कायले तोंड पाडून राहिली?” आकडा नाही, ती म्हणाली. तो म्हणाला, आपल्या बसला पण कधी कधी नंबर नसायचा, तरी जायची. तिनं फोन ठेवून दिला.

क्लाइव्ह सामान आवरून गेला. जाताना म्हणाला, कुणाला सांगू नका, पण मला हेच अक्षर सगळ्यांत चांगलं जमलंय. ते खरं होतं. जवळ जाऊन, चष्मा लावून पाहिलं तर. चार पावलं मागे आलं की दिसत नव्हतं. मार्चात लोक येतील, दोरीच्या पलीकडे, सहा पावलांवर उभे राहतील.

तिनं दोरीचा खांब उचलून पाटीच्या दोन पावलं जवळ आणून ठेवला. मग नियम आठवला, बोटांचे डाग, श्वासाची ओल, आणि परत जागेवर नेला. पुन्हा आणला. अखेर मधेच कुठेतरी ठेवला, आणि उद्या हिलरी तो मागे नेणार हे तिला माहीत होतं.

पाटीजवळच्या खालच्या पायऱ्यांवर वर्खाचे कण पडले होते, गालिच्याच्या केसांत अडकून चमकत होते. हे सगळं आता जाळीवर घ्यायचं, पाकिटात भरायचं, वर तारीख घालायची. शिवाय गालिचा अडकवणारे पितळी गज राहिलेच होते, एकूण चौतीस, आणि सव्वाचारची गाडी. मधुमतीनं हूवरची वायर सोडली, नळीच्या तोंडाचं कापड घट्ट केलं, दुखरा गुडघा सांभाळत वर चढली आणि सगळ्यांत वरच्या पायरीपासून सुरुवात केली.